शंभरापैकी किती?

दिवाळीच्या सुट्टीत घरात नातवंडे असली, की घरातल्या वडीलधाऱ्यांची अवस्था माळ्यावरच्या सामानासारखी होते. कधी कोण वर चढून काय खाली ओढील याचा नेम नाही. गेल्या आठवड्यात आमचे बारा वर्षांचे नातू माझ्यापुढे येऊन उभे राहिले. हातात चकली, डोळ्यांत चमक.

"आजोबा, देवधरांना शंभरापैकी किती द्याल?"

मला वाटले, शाळेत इतिहासाचा पेपर असावा. पण प्रकार निराळाच निघाला. चिरंजीवांनी मुलाला दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळायचा अमेरिकन बास्केटबॉलचा एक खेळ आणून दिला आहे. 'एनबीए टू के' त्याचे नाव. 1999 सालापासून तो दरवर्षी नव्या अंकाने निघतो; पंचांगासारखाच म्हणा ना. त्यात अमेरिकेतला प्रत्येक व्यावसायिक खेळाडू हजर असतो आणि प्रत्येकाच्या कपाळी एक आकडा असतो. लांबून नेम किती, जवळून नेम किती, उडी, धाव, पास, बचाव, अशी एकेका गुणाची मोजदाद करून शेवटी सगळ्यांचा मिळून एक आकडा. जास्तीत जास्त नव्व्याण्णव. हे आकडे ठरवायला त्या कंपनीत पगारी माणसे आहेत. ती सामने पाहतात, हिशेब ठेवतात, आणि हंगाम चालू असतानाच आकडे वरखाली करतात. कोट्यवधी डॉलर मिळवणारे सहा-साडेसहा फुटी बाप्ये आपला आकडा दोनाने कमी लागला म्हणून जाहीरपणे रुसतात म्हणे!

हे ऐकून मला हसू आले नाही. कारण हाच उद्योग मी आणि आमच्या अण्णाने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या वाड्यात, एका दोनशे पानी वहीत, बिनपगारी केला होता. आणि आकड्यावरून रुसण्याचा मानही आमच्याकडेच होता.

तेव्हा शाळकरी मुलांचा सर्वमान्य खेळ म्हणजे पुस्तकातले क्रिकेट. भूगोलाचे पुस्तक मधेच उघडायचे, डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहायचा. दोन, चार, सहा, आठ म्हणजे तितक्या धावा, शून्य आले की बाद. भूगोलाचा आम्हांला झालेला हा एकमेव उपयोग. पण अण्णा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि गणितात पक्का. एके दिवशी त्याने खडूने जमिनीवर हिशेब मांडला आणि जाहीर केले, की हा खेळ खोटा आहे. पाचातून एकदा शून्य येणार, म्हणजे बाद होण्यापूर्वी सरासरीने चार फटके. एका फटक्याला सरासरी पाच धावा. म्हणजे प्रत्येक फलंदाजाची सरासरी वीस. ब्रॅडमनचीही वीस आणि आमच्या सुभाष गुप्त्यांचीही वीस! गुप्त्यांची फिरकी अप्रतिम, पण त्यांच्या बॅटीला ब्रॅडमनच्या पंगतीला बसवणे हा अन्याय अण्णाला सहन होईना.

मग त्याने दोन फाशांचा खेळ काढला. एक फासा सापशिडीतला होता. दुसरा नव्हता, म्हणून सहा पैलूंच्या पेन्सिलीवर ब्लेडने आकडे कोरले. दोन फाशांची दाने छत्तीस प्रकारची पडतात. प्रत्येक खेळाडूच्या नावे वहीचे एक पान आणि पानावर छत्तीस घरे. कोणत्या घरात एक धाव, कोणत्या घरात चौकार, आणि कोणत्या घरात 'बाद', ते त्या माणसाच्या योग्यतेप्रमाणे भरायचे. 'केसरी' आणि 'सकाळ' यांतली धावफलकांची कात्रणे हा आमचा पुरावा.

पहिल्याच सामन्यात घोटाळा झाला. छत्तीसपैकी एकच घर 'बाद' ठेवले, तरी माणूस सरासरीने छत्तिसाव्या चेंडूला बाद होतो. कसोटीच्या त्या काळच्या संथ चालीने, म्हणजे शंभर चेंडूंना चाळीस धावा धरल्या, तर त्याच्या चौदाच धावा होतात. चंदू बोर्डे हा आमच्या पुण्याचा मुलगा. 1959 च्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या डावात 109 आणि दुसऱ्या डावात 96, तेही स्वतःच्याच यष्ट्यांना धक्का लागून बाद झालेला. अन् तो आमच्या जमिनीवर चौदा धावांत परत! मी रडकुंडीला आलो. अण्णा मात्र दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी 'अपील' घेऊन आला. 'बाद'चे घर पडले, की लगेच बाद नाही. आता गोलंदाजाने एक फासा टाकायचा. गोलंदाज चांगला असेल, तर एक, दोन, तीन यांपैकी काहीही पडल्यास बाद. बेताचा असेल, तर फक्त एक किंवा दोन पडल्यास. परवा नातवाने हा हिशेब यंत्रावर पडताळून पाहिला. चांगल्या गोलंदाजापुढे बहात्तर चेंडू, म्हणजे एकोणतीस धावा. बेताच्या गोलंदाजापुढे एकशे आठ चेंडू, म्हणजे त्रेचाळीस. दोहोंचा मध्य छत्तीस. बोर्ड्यांची पंचावन्न कसोटींतली सरासरी शेवटी 35.59 भरली. अण्णाने हा फासा टाकला तेव्हा त्यांची कारकीर्द अर्धीही झाली नव्हती!

त्याच सुमारास, 1961 मध्ये, अमेरिकेत हॅल रिचमन नावाच्या तरुणाने 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने बेसबॉलचा असाच एक खेळ विकायला काढला. त्यातही प्रत्येक खेळाडूचे एक पत्ताकार्ड आणि फासे. एका फाशाने ठरायचे, की या वेळी निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा की चेंडू टाकणाऱ्याच्या. म्हणजे तेच अपील, जरा निराळ्या वेषात. या गृहस्थांनीही अकराव्या वर्षी घरात बसून हा खाटाटोप सुरू केला होता. पुढे त्यांनी बास्केटबॉलचाही खेळ काढला आणि धंदा भरभराटीला आणला. आमच्या अण्णाने मुन्शिपाल्टीच्या शाळेतल्या मुलांना गणित शिकवले. असो.

खरे भांडण झाले ते निंबाळकरांवरून.

भाऊसाहेब निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. 1948 च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद 443 धावा केल्या. भांडारकरांनी 205 केल्या. दोघांनी मिळून 455 ची भागी रचली. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमनचा, 452. दहा धावा हव्या होत्या! मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी खेळ पुढे चालवायला नकार दिला आणि पाहुणे सामना सोडून चालते झाले. पुण्याच्या घराघरांत ही गोष्ट पिठलंभातासारखी वाढली जात असे. मी जन्मलोही नव्हतो, पण त्या दहा धावा माझ्याच खिशातून गेल्या असे मला वाटे.

मी म्हटले, निंबाळकरांना पंच्याण्णव.

अण्णा म्हणाला, "चौऱ्याहत्तर. एकही कसोटी खेळलेला नाही."

"पण ती त्यांची चूक आहे का?"

"चूक कोणाची ते वहीत लिहायला घर नाही. काठियावाडची गोलंदाजी कशी होती, ते सांग. एका डावावरून माणूस मोजायचा नसतो."

आता मला कबूल करायला हरकत नाही, की अण्णाच्या बोलण्यात तथ्य होते. पुढे 1987 मध्ये इंग्लंडात क्रिकेटपटूंच्या मानांकनाची जी पद्धत निघाली, आणि जी आज आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद चालवते, तिचे म्हणणे साधारण हेच आहे. हजारापैकी गुण; अलीकडच्या खेळाला अधिक वजन, जुन्याला कमी; समोरचे गोलंदाज कसे होते ते पाहायचे; नाबाद राहिल्याचे श्रेय द्यायचे. या मापाने जुने सारे सामने उलटे मोजत गेले, तर ब्रॅडमनला 961 मिळाले आणि 1979 साली ओव्हलवर 221 काढल्यावर आपल्या गावसकरांना 916. पण हे माप फक्त कसोट्यांचे. निंबाळकरांना त्यात रकानाच नाही. रणजी करंडकात त्या 443 च्या वर आजतागायत कोणी गेलेले नाही, आणि त्या रकान्यात त्यांचे गुण मात्र शून्य.

आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ताटावर आई म्हणे, "अण्णाला विचार भात हवा का," आणि मी भिंतीला विचारत असे. वहीत अण्णाने शाईने ठसठशीत 74 लिहिले. मी रात्री गुपचूप त्याच्याच बाजूला पेन्सिलीने 95 लिहून ठेवले.

मग 12 जुलै 1961 उजाडला. पानशेतचे धरण फुटले. त्या दिवसाबद्दल पुण्यातल्या माणसाला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. आमचा जीव वाचला. वाड्याची मागची बाजू गेली. चार दिवसांनी चिखलातून आईची ट्रंक निघाली, तीत लग्नातल्या शालूच्या घडीखाली आमची वही होती. अण्णाने ती कसब्यातल्या मावशीकडे दोरीवर एकेक पान वाळत घालून सुकवली. शाई सगळी निळ्या ढगासारखी पसरून गेली होती. बोर्डे गेले, हजारे गेले, मंकड गेले. निंबाळकरांच्या पानावर मात्र पेन्सिलीचे 95 स्वच्छ उभे होते. पेन्सिलीला पाणी लागत नाही, हे मला त्या दिवशी कळले. अण्णाने ते पान बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "हं. पुराने निकाल दिला." आमचे बोलणे सुरू झाले. पण चौऱ्याहत्तर त्याने मनातून खोडले नाहीत, ते पुढे कळेलच.

तर हा सगळा इतिहास नातवाला सांगितल्यावर त्याच्या अंगात संचारले. आप्पा बळवंत चौकातून नवी वही आली, तुळशीबागेतून फासे आले आणि 'महाराष्ट्राचा सार्वकालिक संघ' तयार करायचे काम दिवाणखान्यात सुरू झाले. देवधरांपासून आरंभ. प्राध्यापक दि. ब. देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. 1926 साली मुंबईला एम.सी.सी.विरुद्ध 148. महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला तो त्यांच्या कप्तानीत. पन्नाशी जवळ आली असताना मुंबईविरुद्ध 246. आणि 1944 साली, बावन्नाव्या वर्षी, एकाच सामन्यात दोन शतके. भारत पहिली कसोटी खेळला 1932 मध्ये. तेव्हा ते चाळिशीचे. कोणत्या वयाचे देवधर धरायचे? नातू म्हणाला, "आजोबा, गेममध्ये वय वाढलं की धावेचा आकडा कमी होतो." मी म्हटले, "यांचा होत नसे." त्याने मुकाट्याने नव्वद लिहिले.

वसंत रांजणे आले, ते तीन घरांचे अपील घेऊनच; पहिल्याच रणजी सामन्यात, सौराष्ट्राविरुद्ध, 35 धावांत 9 बळी आणि त्यांत हॅट्ट्रिक. कानिटकर पितापुत्र आले आणि स्वयंपाकघरातून आमची ही बाहेर आली. एरवी तिला क्रिकेटचे वावडे. पण 18 जानेवारी 1998 रोजी ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना हृषीकेश कानिटकरने सकलैनला चौकार मारला, तेव्हा ती देव पाण्यात घालून बसली होती. "त्याला शंभर द्या," ती म्हणाली. मी सरासरी सांगितली; एकदिवसीय सामन्यांत अठराच्या आसपास. "सरासरीला काय करायचंय? तेव्हा सरासरी आली होती का खेळायला?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजून नाही. एका चेंडूचे गुण किती, हे अण्णाच्या वहीतही नव्हते.

ऋतुराज गायकवाडाने तर खेळच मोडीत काढला. 28 नोव्हेंबर 2022 ला अहमदाबादेस उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार. एक चेंडू नोबॉल होता, त्याची एक धाव धरून 43. छत्तीसपैकी एक घर षटकाराचे ठेवले, तर सात वेळा ओळीने ते पडण्याचा योग नातवाने काढला: 7,836 कोटींत एकदा. चार घरे ठेवली, तरी तो अठ्ठेचाळीस लाखांत एकदा येतो. आणि चार घरे ठेवली, तर गायकवाड रोजच राक्षसासारखा खेळू लागतो. नातू वैतागून म्हणाला, "मग खऱ्यात कसं झालं?"

इथपर्यंत सगळे मजेचे होते. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी मला बाजूला घेऊन एक निराळीच गोष्ट सांगितली. आमच्या वसाहतीत मागच्या बाजूला बास्केटबॉलचे छोटे मैदान आहे. संध्याकाळी आठदहा पोरे तिथे जमतात. आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांनी त्या सर्वांची कार्डे तयार केली होती. नेम, उडी, धाव, पास, बचाव, आणि खाली एकूण. ती फोनवरून सगळ्या मुलांत फिरली. स्वतःला 84. जिवलग मित्राला 81. आणि पलीकडच्या इमारतीतल्या एका चष्मेवाल्या मुलाला 31. तो मुलगा चार दिवस मैदानावर आलेला नव्हता. त्याची आई सूनबाईंना जिन्यात भेटून काही बोलली नाही, फक्त हसली. आणि ते हसणे सूनबाईंना लागले.

मी नातवाला हाक मारली. तो म्हणाला, "पण आजोबा, आकडा खरा आहे. त्याचा नेम बघा तुम्ही. मी मोजलंय. वीसमधले तीन पडतात."

खरोखरच त्याने मोजले होते. वही दाखवली. अण्णाचाच नातू शोभावा. मी रागावण्याच्या तयारीने बसलो होतो, आणि मला अचानक बोलता येईना.

त्याचे कारण आजवर मी घरात कोणाला सांगितलेले नाही. एका सरकारी कचेरीत मी अनेक वर्षे अधिकारी होतो, आणि दर मार्चअखेर हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल भरणे हे माझे काम होते. आकलन, तत्परता, सचोटी, सहकाऱ्यांशी वर्तन. प्रत्येकापुढे शेरा, आणि खाली एक प्रतवारी. माझ्याकडे एक कारकून होते. शांत, मान खाली घालून काम करणारे. मी त्यांना पहिल्या वर्षी 'ब' दिला. दुसऱ्या वर्षी अहवालांचा ढीग मोठा आणि वेळ थोडा. मी मागचा अहवाल पुढे ठेवून उतरवून काढला. तिसऱ्या वर्षी तेच. बढतीला 'ब अधिक' लागत असे. असे नऊ वर्षे चालले. माझ्या निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "साहेब, राग नाही. फक्त माहीत असावं म्हणून विचारतो. काय कमी पडलं?" मी आठवू लागलो. मला काहीही आठवले नाही. त्यांचे अक्षर तेवढे आठवले. ते फार सुंदर होते. मी म्हणालो, "तसं काही नाही हो." ते नमस्कार करून गेले. आमच्या नातवाने निदान वीस चेंडू मोजले होते.

हे मी नातवाला सांगितले. सगळे नाही, बारा वर्षांच्या मुलाला सोसेल तेवढे. तो वही बंद करून म्हणाला, "मग आता मी त्याला साठ देऊ का?" मी म्हटले, "खोटे साठ त्याला ओळखू येतील." मग काय करायचे ते मलाही सुचेना. शेवटी वसुबारसेच्या संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन तो स्वतः त्या मुलाकडे गेला, एवढे खरे. तिथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही.

नरकचतुर्दशीला दुपारी दिवाणखान्यात महाराष्ट्र विरुद्ध मुंबई असा सामना मांडला. अण्णा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, नाशकात मुलाकडे असतो. तो फोनच्या पडद्यावर पंच म्हणून बसला. निंबाळकरांचे पान उघडले, तसा म्हणाला, "किती लिहिलेत?"

"पंच्याण्णव."

"चौऱ्याहत्तर," अण्णा म्हणाला. "पूर येऊन गेला म्हणून गणित बदलत नाही."

एवढ्यात दाराची कडी वाजली. चष्मेवाला मुलगा रिकामा डबा परत द्यायला आला होता. डब्यात त्याच्या आईने शंकरपाळे घालून दिले होते. नातवाने त्याला आत घेतले. त्याने छत्तीस घरांची पाने लक्षपूर्वक वाचली, अपिलाचा नियम समजावून घेतला, अण्णाला पडद्यावरून दोन शंका विचारल्या आणि अण्णा खूश झाला. मग नातवाने टेबलाच्या खणातून ते बास्केटबॉलचे कार्ड काढून मुकाट्याने त्याच्यापुढे ठेवले.

मुलाने ते वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. "पेन्सिल आहे का?" म्हणाला. मी माझी दिली. नेमाच्या रकान्याला त्याने हातही लावला नाही. पासच्या रकान्यापाशी थोडा थांबला, तिथला आकडा खोडून नवा लिहिला, बोटांवर बेरीज केली, आणि खाली 31 च्या जागी 34 घातले.

नातवाने कार्ड पाहिले, मान हलवली, आणि फासे त्याच्या हातात दिले. स्ट्राइकवर निंबाळकर होते.